सावलीपर्यंतची गाठ

हे लिहिणारच नव्हतो. मोबाईलवर चार ओळी टाइप करायच्या आणि पुसायच्या, असं कैकदा झालं. एका आंबट फळाची आणि दोन बायकांच्या भांडणाची गोष्ट, ती कोण वाचणार? वाडीत तर ती सगळ्यांना ठाऊकच हाय. पण आता जो तो आपल्या सोयीनं सांगायला लागलाय. शिवानंद सांगतो तवा त्यात शिवानंद मोठा, विनोद सांगतो तवा विनोद. केशर तर सांगतच न्हाई. म्हणून लिहितो.

गुंद गावाच्या पुढं ओहोळ ओलांडला की वाडी. खाली भाताची खाचरं, वर रान, आणि रानात उप्पागेची झाडं. भिरंड ठाऊक असंल, कोकम म्हणतात ते. उप्पागे त्याचंच भावंड. लहान भोपळ्यासारखं खाचाखाचांचं फळ, कच्चं हिरवं, पिकलं की पिवळंजर्द. साल चिरून वाळवायची, काळी पडली की व्यापाऱ्याला घालायची. पण फळ येतं ते नेमकं आषाढात. ऊन शोधून सापडत न्हाई. म्हणून घराघरात बांबूचा माळा, माळ्यावर साल आणि खाली रातंदिवस धग.

झाडं कुणाच्या नावावर न्हाईत. तरी वाडीचा कायदा हाय. फळ धरलं की एकेका चुलीनं, म्हणजे एकेका घरानं, रानवेलीची गाठ बुंध्याला मारायची. त्या सालापुरतं ते झाड त्या चुलीचं. दुसरा कुणी हात लावणार न्हाई, आणि गाठ सोडायची ती मारणाऱ्यानंच, तीबी हातानं. मात्र ही गाठ फांदीवरच्या फळाची. फळ पडलं, मातीला टेकलं, की उचलंल त्याचं.

केशरच्या घरच्या गाठी मारायचं काम तिच्या नवऱ्याचं, लखूचं. त्या साली गाठी मारायला केशर रानात गेली. आदल्या पावसात लखू ओहोळाजवळच्या वाकड्या झाडावरनं पडला होता. फांदीला शेवाळ, पाय सटकला आणि कमरेचं हाड गेलं. आता काठी धरून तो अंगणापर्यंत जायचा, तिथंच उभा राहून रानाकडं बघायचा आणि माघारी फिरायचा.

केशर वाकड्याच्या बुंध्याला वेल गुंडाळत होती. शेजारचा शिवानंद आपल्या झाडाखाली उभा होता. रानात त्याच्यासारखा चढणारा न्हाई. पायाचे पंजे असे पसरट, की झाडाला चिकटतात.

"वैनी, घट्ट मारा गाठ. वाकडा हाय तो, पळून जाईल."

"पळंना का. लंगड्याच्या घरचं झाड, किती लांब पळंल?"

शिवानंद हसला, मग जरा ओशाळला. लखूला पाठीवर टाकून ओहोळातनं त्यानंच घरी आणलं होतं.

"न्हाई, पण चढणार कोण? मी चढतो. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

"बघू."

"बघत बसा. माकडं काय बघत बसत न्हाईत."

केशरनं आपल्या तिन्ही झाडांना गाठी मारल्या आणि हात लुगड्याला पुसले. निम्मं द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि खरं सांगायचं तर वाकड्यावर कुणाचा पाय पडलेला तिला आता बघवत नव्हता. पिकून आपोआप पडलं तर चढायचं कामच न्हाई. वाकायला तिला येत होतं.

वाकायला शिकवलं बायजानं. बायजा शिवानंदची थोरली बहीण. खानापूरकडं दिली होती, नवऱ्यानं दुसरी आणली तशी परत आली. भावाच्या घरामागं एक पडवी हाय, तिच्यात निजायची, आणि भावाच्या चुलीवरचं खायची. तिला आपली चूल न्हाई, म्हणून गाठ न्हाई. वर्षानुवर्षं ती पडलेल्या फळावर होती. वरचं लोकांचं, खालचं बायजाचं, असंच वाडीत म्हणायचे. लखू पडल्यावर केशर तिच्यासंगट जायला लागली. उजाडायच्या आधी, माकडं जागी व्हायच्या आत. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, कमरेला चुन्याची पुरचुंडी जळवांसाठी.

"डोळ्यानं शोधू नगं गे," बायजा सांगायची. "पायानं शोध. पाल्याखाली गोल लागलं की फळ."

"आणि साप लागला तर?"

"साप लांब असतोय. एवढंबी कळंना व्हय तुला?"

दोघी हसायच्या. दिवसभर फळं चिरून बोटांच्या भेगांत आंबट शिरायचं. सांजच्याला भाकरी खाताना मीठ लागलं की दोघीबी आपापल्या घरात 'स्स' करायच्या.

त्या साली फळं अजून कडक हिरवी होती, तवाच विनोद पिकअप घेऊन आला. रामनगरचा व्यापारी. टायरला चिखल, अंगाला अत्तर.

"पिकायची वाट कशाला बघताय? हिरवं घाला मला. पलीकडच्या गावांनी सुरू केलंय. तुम्ही थांबा, त्यांचा माल आधी जाईल."

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी रानात कोयते वाजायला लागले. हिरवं फळ देठाला घट्ट असतंय, ओढून येत न्हाई. मग एकेक कुठं तोडायचं? फांदीच खाली घ्यायची. केशर आणि बायजा खाली उभ्या, आणि वरनं फळांसकट फांद्या येत होत्या, कडाकड. चीक गळत होता, पिवळा.

"दादानू, पुढल्या साली कशावर बसणार?" बायजा वर बघून ओरडली.

"पुढल्या साली तुझ्या डोक्यावर!" वरनं कुणीतरी म्हणालं.

वरच्या अंगाची झाडं अशी भुंडी झाली. पडायला काय उरलंच न्हाई. बायजाची टोपली रिकामी, केशरची रिकामी. राहिली होती ती ओहोळाकडची झाडं. त्यात केशरची तीन.

केशर घरी आली. माळ्याच्या कोपऱ्यात मागल्या सालची पिकल्या फळाची साल थोडी उरली होती, जाड, चामड्यासारखी. ती तिनं एका पिशवीत घातली. दुसऱ्या पिशवीत शेजारनं मागून आणलेली हिरव्याची साल.

"कुठं?" लखूनं विचारलं. तो आगीपाशी बसून लाकडं मागं-पुढं करत होता. तेवढंच काम त्याला जमायचं, आणि ते तो असं करायचा की धगीचा रंग बघून सालीचा ओलावा सांगायचा.

"रामनगरला."

"विनोद तुला हुभी ठेवंल."

"हुभी राहते. पाय माझे बरे हायत."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. लखूनं एक लाकूड आत सारलं.

विनोदच्या गोदामात ती उभी राहिली. तो फोनवर होता. एक ड्रायव्हर आला, तिच्या पिशवीला पोतं समजून वर बसला आणि चहा प्यायला लागला.

"उठा, तो माझा माल हाय," केशर म्हणाली.

"एवढुसा?" ड्रायव्हर हसत उठला.

विनोदनं फोन ठेवला. केशरनं दोन्ही सालींची एकेक मूठ त्याच्यापुढं धरली.

"ही पिकल्याची. बोटाएवढी जाड. ही हिरव्याची, कागद हाय कागद. दोन्हींस्नी एकच भाव कसा?"

"दिसतंय की मला," विनोद म्हणाला. त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि एकाच ढिगावर उलट्या केल्या. केशर बघतच राहिली. जाड साल त्या काळ्या ढिगात कुठं गेली ते तिला दिसेना.

"मला कळत न्हाई असं न्हाई, अक्का," त्याचा आवाज जरा उतरला. "पुढं फॅक्टरीवाला निवडून घेतोय. पण ही तुझी पिशवीभर मी कुठं वेगळी ठेवू? देव्हाऱ्यात? अख्ख्या वाडीची गाडी भरून आण पिकल्याची. एक हिरवी साल नसंल अशी. मग बोल भावाचं."

"मग वेगळं घेशील?"

"गाडी तर आण."

बसमध्ये खिडकीतनं पाणी आत येत होतं. केशरनं दोन्ही रिकाम्या पिशव्या घडी करून मांडीवर ठेवल्या आणि सगळ्या वाटेनं एकच हिशोब केला. ओहोळाकडं कुणाची किती झाडं.

देवळाच्या पडवीत वाडी बसली. वाडीचा म्होरक्या महाबळेश्वर गावकार मधल्या खांबाला टेकून पान लावत होता. बाया मागं. केशर मागं बसली न्हाई, उभी राहिली.

"ओहोळाकडं कोयता लावू नगा. पिकून पडू दे. मग उचलू, वाळवू, सगळ्यांचा माल एका गाडीत. विनोद वेगळा भाव देतो म्हणालाय."

"म्हणालाय की दिलाय?" शिवानंदनं विचारलं.

"म्हणालाय."

"आणि पडलं की उचलंल त्याचं. मी माझ्या झाडाखाली राखणीला निजू काय, वाघाच्या कुशीत?"

माणसं हसली. केशर थांबली. हा प्रश्न येणार हे ती बसमध्येच जाणून होती.

"म्हणूनच म्हणते. गाठ खालीबी चालू दे. झाडाची सावली जिथंवर, तिथंवर गाठ."

"पावसात सावली कुठली गे बघणार?" मागनं एक म्हातारी.

"पानांचं पाणी ठिबकतंय तिथंवर."

आता कुणी हसलं न्हाई. महाबळेश्वरनं पान तोंडात घातलं आणि बराच वेळ चावलं. पत्र्यावर पाऊस नुसता बडवत होता.

"माझ्या आज्यापास्नं खालचं मोकळं हाय," तो म्हणाला. "पण आज्याच्या वक्ताला कोयता घेऊन फांद्या कुणी तोडत नव्हतं. चढून एक माणूस मोडला, तो ह्याच बाईचा. ती म्हणत्या त्यात चूक न्हाई. ह्या साली करून बघू."

"बघू की," "व्हय," असे आवाज आले. शिवानंदनंबी मान हलवली. ओहोळाकडं त्याची झाडं जास्त होती.

तेवढ्यात मागनं बायजा बोलली. आवाज चढवून न्हाई.

"आणि मी?"

सगळे वळले.

"माझी गाठ न्हाई. पडलेलं तेवढं माझं होतं. ते आज हिनं तुम्हा सगळ्यांस्नी वाटून टाकलं. उद्यापास्नं मी झाडाखाली दिसले की चोर, न्हवं?"

"अगे, तसं न्हवं—" केशर म्हणाली.

"मग कसं?"

बसमध्ये केशरनं सगळ्यांची झाडं मोजली होती. जिचं एकबी झाड न्हाई, ती तिच्या मोजण्यात आलीच नव्हती. बायजानं खोळ डोक्यावर घेतली आणि ती पावसात निघून गेली. माणसं उठता उठता केशरला शाबासकी देत होती. ती पायरीवर बसून घोट्यावरच्या जळवेला चुना लावत राहिली. जळू कधीच गळून पडली होती.

पुढं दोन-तीन दिवस बायजा ओहोळाकडं फिरकली न्हाई. विहिरीवर दिसली तर घागर अर्धीच भरून वळायची. केशर एकटीच झाडाखाली जायची. फळांवर पिवळी झाक चढत होती. पायानं शोधायला अजून काय नव्हतं.

"बोलत न्हाई," ती लखूला म्हणाली.

"तू तरी काय बोलणार तिच्याशी?" लखू आगीकडं बघत होता. "तिला देणार काय? मूठभर फळं? ती घ्यायची न्हाई. भीक वाटंल."

"मग गाठ देते."

"गाठ चुलीची असती. तिला चूल न्हाई."

"तेच तर." केशर उठली, परसात गेली आणि जुन्या गोठ्याजवळ पडलेले तीन धोंडे एकेक करून टोपलीत टाकले. टोपली डोक्यावर घेतली तशी मान आत गेली. "माळ्याखाली आग पेटली म्हणजे चूलच झाली की न्हाई? शिजवू दे, न्हाईतर साल वाळवू दे."

लखू तिच्याकडं बघत राहिला. मग काठी घेऊन उठला.

"तू बस," ती म्हणाली.

"धोंडं तू ने. इंगळ मी आणतो. दुसऱ्याच्या अंगणात चूल मांडायला एकटी बाईमाणूस गेली तर शिवानंद तुला बोलंल."

त्यानं नारळाच्या करवंटीत राखेवर दोन इंगळ घेतले, वरनं दुसरी करवंटी झाकली. पडल्यापासून त्यानं अंगणाबाहेर पाय टाकला तो आजच. वाट निसरडी. काठी रुतायची, उपसायची, पुन्हा रुतायची. एका हातात करवंटी, म्हणून तोल दुसऱ्याच हातावर. केशर पुढं चालत होती, मागं वळून बघायचं न्हाई असं तिनं ठरवलं होतं, आणि दर चार पावलांनी वळून बघत होती.

बायजा पडवीत टोपलीची कड विणत बसली होती. केशरनं धोंडे खाली ठेवले. बायजानं वर बघितलं न्हाई.

"हे काय?"

"चूल."

"कुणाची?"

"तुझी. वाकड्याची गाठ मी सोडते. तू मार."

शिवानंद ओटीवरनं तरातरा आला. "वैनी, माझ्या घरात दोन चुली? लोक म्हणतील शिवानंदनं भैणीला वेगळी काडली! माझ्या तोंडाला काळं फासाय आलाय काय तुम्ही?"

त्यानं एका धोंड्याला पाय लावला. धोंडा घरंगळत चिखलात गेला. बायजा तशीच बसून होती, पण हातातली काडी तिनं मोडली.

लखू अंगणात पोचला होता. तोंडावर पाऊस की घाम कळत नव्हतं. उभं राहवत नव्हतं म्हणून तो ओटीला टेकला.

"शिवा," तो म्हणाला, "मी पडलो तवा तू मला पाठीवर आणलास. तवा मी काय म्हणत होतो, आठवतंय?"

शिवानंद चिखलातल्या धोंड्याकडं बघायला लागला.

"वाटभर म्हणत होतो, केशर काय खाईल. तू गप गप म्हणालास. मला तरी बायको हाय, तिची गाठ हाय. उद्या तू पडलास तर सगळ्यात आधी ताट कुणाचं उचललं जाईल, तुझ्या बायकोचं का हिचं?"

करवंटीतनं धूर येत होता. मग बायजाच उठली. चिखलातला धोंडा तिनं काढला, लुगड्याच्या पदरानं पुसला आणि बाकीच्या दोघांजवळ नेऊन ठेवला. जरा हलवून बघितला.

"हा डुगडुगतोय," ती म्हणाली. "खाली खापरी लागंल."

शिवानंद आत गेला. केशरला वाटलं, आता काठी घेऊन येतो. तो परत आला तो खापरीचा तुकडा घेऊन. धोंड्याखाली सारला, आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "भाकरी मात्र माझ्या घरातली खायची. ही चूल फळाची."

"मी कुठं भाकरीचं काय म्हटलं?" बायजा म्हणाली. तिनं लखूच्या हातातनं करवंटी घेतली.

वाकड्याची गाठ पावसानं फुगून दगड झाली होती. केशरच्या नखांखालनं रक्त आलं तरी सुटेना. जवळच कोयता होता, पण गाठ हातानंच सोडायची. बायजा बाजूला उभी राहून बघत होती.

"लग्नाची गाठ बी एवढी घट्ट नसती," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"तुझी तर लगेच सुटली."

बायजानं तिच्या पाठीत एक धपका घातला. मग हसली. गाठ सुटल्यावर तिनं नवी वेल घेतली आणि आयुष्यातली पहिली गाठ मारली. गवताचा भारा बांधतात तशी, ओबडधोबड, दोनदा पीळ देऊन.

आठवडा गेला असंल-नसंल, फळं पडायला लागली. धप्. थांबून धप्. पाल्यात पिवळं पिवळं दिसायचं, पायानं शोधायची गरजच न्हाई. ज्याच्या त्याच्या ठिबकणीखाली ज्याची त्याची माणसं वाकलेली. भांडणं झाली, न्हाई असं न्हाई. उतारावरची फळं गडगडून दुसऱ्याच्या हद्दीत जायची. महाबळेश्वरला दोनदा वर यावं लागलं, आणि दोन्हीदा त्यानं एकच निवाडा दिला, "फळाला पाय न्हाईत, तुम्हाला अक्कल न्हाई." घराघरातनं धूर निघाला. बायजाच्या पडवीतनंबी. लखू रोज काठी टेकत तिची धग बघायला जायचा. "लई झाली, साल करपंल," म्हणायचा, न्हाईतर "एक लाकूड घाल." कुणी बोलावलेलं नसायचं.

विनोदची पिकअप आली ती पलीकडच्या गावाचं हिरवं भरून. हौद्यात एक ताडपत्री, तिच्यावर काळा ढीग. त्यानं पहिलं पोतं उचललं आणि त्याच ढिगावर ओतायला तिरकं केलं.

केशर पोत्यावर बसली.

"अक्का, उठ. पाऊस यायला लागलाय."

"वेगळी ताडपत्री टाक."

"गाडी एकच हाय!"

"गाडी आण म्हणालास. आणली. बघ हात घालून, हिरवं निघालं तर सगळी वाडी फुकट घालंल."

विनोदनं इकडं-तिकडं बघितलं. बायजा दुसऱ्या पोत्यावर बसली होती. मग शिवानंदची बायको बसली. मग म्हातारी. शिवानंद उभा होता, तोबी बसला. विनोदनं हात घातला, तळातली साल काढली, वाकवली, दातानं तोडून बघितली. मग शिवी देत सीटमागनं दुसरी ताडपत्री ओढली आणि हौद्याच्या मधोमध फळी उभी केली. भाव त्यानं लई वाढवला न्हाई. पण फळीच्या ह्या बाजूला वाडीचा माल एकटा पडला होता, जाड आणि काळा.

पिकअप गेल्यावर केशर आणि बायजा ओहोळाकडं गेल्या. हंगाम संपला होता, गाठी सोडायच्या होत्या. केशरनं आपल्या दोन सोडल्या. बायजा वाकड्याच्या बुंध्याशी उभी राहिली, तिनं गाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

"सोड की."

"सोडली आणि पुढल्या साली कुणी मारू दिली न्हाई तर?" बायजा म्हणाली. "विनोद पुढल्या साली परत एकात ओतंल. ही सगळी परत कोयतं घेऊन चढतील. तवा माझी चूल कुणाच्या ध्यानात ऱ्हाईल? शिवा तिच्यावर कोंबड्यांचं डालगं ठेवंल."

वर वाकड्याच्या शेंड्यात एक चुकार पिवळं फळ राहिलं होतं. दोघींनी ते बघितलं. केशरनं बायजाच्या हाताशेजारी आपला हात गाठीवर ठेवला. नखं अजून काळीच होती.

"पुढल्या साली वेल आणायला मी तुला हाक मारीन," केशर म्हणाली. "माझ्या दोन गाठी मागनं. वाकड्याची आधी, तुझ्या हातानं. कुणी कोयता घेऊन आला तर बुंध्याशी मी हुभी असंन. मी दिसले न्हाई तर लखूला विचार, मेले काय म्हणून. सोड आता."

बायजानं गाठ सोडली.